सातव्या मजल्यावरचं मत

"आणि मी?"

मागून आवाज आला. रविवारी सकाळी दहा वाजता, सातव्या मजल्यावर, फिरत्या मतपेटीची माणसं गिना आजीच्या घरातून बाहेर पडत होती, मी त्यांच्यामागून दार ओढून घेत होते, आणि समोरचं दार, जे मी मनातल्या मनात कधीच कायमचं बंद करून टाकलं होतं, ते वीतभर उघडं होतं. दारावर कागद होता. माणूस गेलं की फोटो घालून चिकटवतात तो कागद. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, पुढे दरवर्षी. त्या कागदावर आस्पारुखकाका आणि दोन्काकाकू खांद्याला खांदा लावून हसत होती. आणि कागदाच्या बाजूच्या फटीतून तेच आस्पारुखकाका, काळा कोट, टाय, दाढी करताना हनुवटीवर झालेली जखम, असे माझ्याकडे बघत होते. मी किंचाळले नाही, एवढं मात्र खरं. हातातल्या किल्ल्या तेवढ्या पडल्या. फिरत्या पेटीबरोबर एक चष्मेवाली मुलगी होती, बाकी दोघांची प्रमुख, वय जेमतेम पंचवीस. ती शांतपणे म्हणाली, "नाव सांगा." काकांनी सांगितलं. तिने हातातली यादी वरपासून खालपर्यंत बघितली, परत बघितली. "यादीत नाही तुम्ही आजोबा. घरी पेटी हवी तर आधी अर्ज द्यावा लागतो. मुदत दोन आठवड्यांपूर्वी संपली." काका म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही." मुलगी म्हणाली, "प्रत्येक जिन्याच्या सेक्रेटरीने घरोघरी विचारायचं होतं." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या जिन्याची सेक्रेटरी मी. गेली अकरा वर्षं.

अकरा वर्षं मी या जिन्यावर राज्य केलंय, असं लोक मागून म्हणतात आणि मला ते आवडतं. त्याआधी तीस वर्षं आमच्या पेर्निक शहराच्या बस डेपोत कुठली गाडी कुठे, कुठला ड्रायव्हर कुठे, सगळं मला तोंडपाठ. कोणाच्या घरी कोण आलं, कोणाचा नळ गळतो, कोणाचं पोर कोणाबरोबर फिरतं, मला न विचारता माहीत असतं. आणि या बाईला, म्हणजे मला, सातव्या मजल्यावरचा जिवंत माणूस माहीत नव्हता! पेटीवाले खाली गेले. जाताना मुलगी हळूच म्हणाली, "खाली शाळेत त्यांचं नाव असेलच, आठ वाजेपर्यंत मतदान आहे." बोलायला ठीक. लिफ्ट शुक्रवारपासून बंद, दुरुस्तीवाला सोमवारी येणार, आणि काकांच्या खुब्यात खिळे. मी तिथेच उभी राहिले. त्यांच्या घरातला उजेड दारावर पडत होता आणि त्या उजेडात मी तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला. 'आमच्या प्रिय दोन्काशिवाय सहा महिने.' नाव एकच. खाली बारीक अक्षरात, शोकाकुल: पती आस्पारुख, मुलगा, सून. महिन्यापूर्वी मी याच दारासमोर उभी होते, हातात वही, चष्मा खाली घरात, आणि या मजल्यावरचा दिवा गेलेला. दिवा बदलायचा कोणी? मीच. मला अंधारात दोन चेहरे दिसले, मी दोघांना पोचवून टाकलं.

"आत ये," काका म्हणाले, "कॉफी उतू जातेय." मी आत गेले. घरात भाजलेल्या मिरच्यांचा वास नव्हता. ऑक्टोबरात आमच्या बिल्डिंगमध्ये वास नसलेलं घर म्हणजे रिकामं घर. बाकी प्रत्येक बाल्कनीत लाल लांब मिरच्या भाजणं, सोलणं, हिवाळ्यासाठी बरण्या भरणं, तिसऱ्या मजल्याचा धूर पाचव्याच्या धुतलेल्या कपड्यांवर आणि पाचव्याच्या शिव्या तिसऱ्यावर. इथे फक्त औषधाचा आणि इस्त्रीचा वास. इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात अजून उघडंच होतं. त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली होती, एका बाहीवर जळकं पिवळं त्रिकोणी निशाण पडलं होतं, कोटाखाली झाकलेलं. "कधीपासून तयार होऊन बसलात?" मी विचारलं. "सहापासून. गिनाकडे पेटी येणार हे ऐकलं होतं. दारातून सगळं ऐकू येतं, ती बहिरी आहे ना, तिच्या मुलीला ओरडून बोलावं लागतं. म्हटलं, तिच्याकडे येणार म्हणजे माझ्याकडेही येणार." कॉफी ओतताना थोडी बशीत सांडली. मी हात पुढे केला तसा त्यांनी डोळ्यांनीच मागे सारला. मी गुमान खुर्चीत बसले. मी, वेलिच्का, जिच्या तोंडाचा पट्टा बंद करायला डेपोतल्या साहेबांनाही जमलं नाही.

फेब्रुवारीत दोन्काकाकू गेली तेव्हा मी बहिणीकडे होते. परत आले तर कळलं, मुलगा काकांना त्यांच्या बहिणीच्या गावी सोडून पुन्हा स्पेनला गेला. मग ऑगस्टअखेर तिकडे बहीणच आजारी पडली, मुलाने दोन दिवसांची रजा काढून त्यांना इथे परत आणून ठेवलं, सहा महिन्यांचा कागद चिकटवला, आणि विमान पकडलं. गुरुवारी भाची पिशव्या घेऊन येते. गुरुवारी मी बाजारात असते. इतकं साधं. कोणीही कोणापासून काही लपवलं नव्हतं. कागद खाली मुख्य दारावर लावला असता तर शंभर जणांनी वाचला असता, पण नव्या ॲल्युमिनियमच्या दारावर काहीही चिकटवू नये अशी पाटी मीच लावलीय, माझ्या सहीने. "पण काका, फोटोत तुम्ही का?" मी शेवटी विचारलंच. "तिचा एकटीचा फोटोच नव्हता. ती एकटी कधी उभीच राहिली नाही कॅमेऱ्यासमोर, मला ओढायची. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला कापून टाकू. म्हटलं, कापायचं नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर आहे, मला कापलं तर हात कुठे जाणार?"

त्यांना तसं दोघांनाच मी कायम बघितलं होतं. मतदानाच्या दिवशी तर हमखास. पहिल्यांदा नव्वद सालच्या जूनमध्ये, तेव्हा मी तिशीच्या आत, डेपोत कामाला, आणि शाळेपासून पार बेकरीपर्यंत रांग. त्याआधी मत म्हणजे काय, सकाळी उठून एकच नाव असलेला कागद टाकून यायचा आणि संध्याकाळी रेडिओवर ऐकायचं की सगळ्यांनी तोच टाकला. त्या जूनमध्ये लोक कपाटातले चांगले कपडे काढून आले होते. दोन्काकाकूच्या गळ्यात निळा स्कार्फ, काकांच्या खिशाला लाल फूल, आणि दोघं हातात हात घालून. निळे लोकशाहीवाले आणि लाल कम्युनिस्ट एका ताटात जेवत नव्हते तेव्हा; भाऊ भावाशी बोलत नव्हता, आमच्या डेपोत एकाने दुसऱ्याच्या डब्यात ग्रीस घातलं होतं. आणि ही दोघं हातात हात. कोणीतरी ओरडलं, "अरे, ठरवा की कुठल्या बाजूचे!" दोन्काकाकू म्हणाली, "आम्ही ठरवलंय, तुझं तू बघ." तेव्हापासून दर वेळी तेच. आत जायचं, एकमेकांचं मत खोडून बाहेर यायचं, कोपऱ्यावर कॉफी प्यायची. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "काकू, दोघांचं मिळून शून्यच होतं ना? मग घरी बसा की, पायांना विश्रांती." ती म्हणाली, "अगं, आणि मी घरी बसले आणि तो गुपचूप जाऊन आला तर? ओळखते मी त्याला." मग हसून म्हणाली, "शून्यसुद्धा आपोआप होत नाही वेलिच्का. दोघांना जावं लागतं." मी ते तेव्हा विनोद म्हणून सोडून दिलं. गेल्या काही वर्षांत इतक्यांदा मतदान झालं, सरकार आलं आणि पडलं, की मी जायचंच सोडलं. दोनदा गेले नाही. याद्या करायच्या, घंटा वाजवायच्या, लोकांना हाकायचं, ते सगळं मी करते. स्वतः मात्र त्या दिवशी मिरच्या भाजते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. काकांच्या स्वयंपाकघरात बसून ते मला आठवलं आणि कॉफी कडू लागली.

"राहू दे," काका म्हणाले. कप विसळायला उठले, टेबलाला धरून. "पुढच्या वेळी. नाहीतरी आता एकट्याचं मत. खोडायलाही कोणी नाही. मला सवय नाही असल्या मताची." आणि कोटाची बटणं काढायला लागले. ते बटण मला बघवेना. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, सहा वाजल्यापासून टाय बांधून, आणि पुढच्या वेळी म्हणतोय. पुढची वेळ कोणी बघितली? "बटण लावा," मी म्हटलं. "कशाला?" "लावा म्हणते ना! आणि या हातांच्या खुर्चीत बसून राहा." मी खाली धावले. या वयात सात मजले धावत उतरणं म्हणजे गुडघ्यांचा तमाशा, पण त्या क्षणी मला राग आला होता, माझा स्वतःचा, आणि राग आला की माझे गुडघे दुखत नाहीत.

दोन माणसं हवी होती आणि दोनच धडधाकट माणसं घरी होती, क्रुम आणि झिवको, आणि ती दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. क्रुम सहाव्यावरचा, टॅक्सी चालवतो. त्याने थंडी लागते म्हणून बिल्डिंगच्या बाहेरून फक्त स्वतःच्या घरापुरता थर्माकोल लावून घेतला आणि वर जांभळा रंग दिला. झिवको तिसऱ्यावरचा, अग्निशमन दलातून निवृत्त. तो म्हणाला, अख्ख्या बिल्डिंगला एकदम लावू, सभा घेऊ, मत घेऊ. क्रुम म्हणाला, तुमची सभा होईपर्यंत माझी पोरं गोठतील. खरं दोघांचंही होतं. राजकारणातही एक या टोकाला, दुसरा त्या. झिवको दार उघडून हातातली मिरची तशीच धरून म्हणाला, "तो येणार असेल तर मी नाही." क्रुम म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते, पण त्या बंबवाल्याबरोबर नाही." मी दोघांच्या दारांमधल्या जिन्यात उभी राहून ओरडले, "आस्पारुखकाका जिवंत आहेत!" वरखाली दारं उघडली. "काय म्हणालात?" "जिवंत आहेत, आणि त्यांना मत द्यायचंय, आणि त्यांना मारलं मी. आता तुमचं भांडण आधी उरकायचं असेल तर उरका, मी आठपर्यंत थांबते!" दोघंही मिरच्यांचे हात पुसत वर आले. क्रुमच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं असेल. तो म्हणाला, "मीसुद्धा दोघांसाठी मेणबत्ती लावली हो चर्चमध्ये." काका म्हणाले, "माझ्या वाटणीची काढून घे परत."

खुर्चीवरून माणूस कसा उतरवायचा हे झिवकोला माहीत होतं, सव्वीस वर्षं तेच केलं त्याने. चादरीने काकांना खुर्चीला बांधलं. "मी मागे, तू पुढे. तोंड जिन्याकडे नाही, माझ्याकडे. पायरी मी सांगेन." दोन वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं. क्रुमने मान हलवली. मी पुढे, हातात काठी आणि काकांची टोपी. आमच्या जिन्याची वळणं इतकी अरुंद की कपाट आणायचं तर खिडकीतून आणतात. "डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे?" "माझ्या!" "तुझं डावं ते माझं उजवं आहे!" काका वरून म्हणाले, "भांडू नका, मी जन्मभर डावीकडेच होतो, तिकडेच न्या." हसण्यात क्रुमची पकड सुटता सुटता राहिली आणि मी देवाला एकदम चार नवस बोलले. पाचव्यावर एका बाईने पाणी दिलं. चौथ्यावर खुर्ची टेकवली. दोघंही घामाघूम, खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि एकाने दुसऱ्याला सिगरेट दिली. कोणी कोणाला दिली ते मी बघितलं नाही, कारण काकांनी माझी बाही ओढली होती.

"तू आली होतीस," ते हळू आवाजात म्हणाले. "महिन्यापूर्वी. दारात." मला आठवलं. घंटा वाजवायला हात वर केला होता आणि ते दोन चेहरे बघून खाली घेतला होता. छातीवर क्रूस काढला होता. आणि मग मी, जिला मनात काही ठेवताच येत नाही, मोठ्याने बोलले होते. "मी आत दारामागेच होतो," काका म्हणाले. "पावलं ओळखली तुझी, तू येईपर्यंत कडीला हात घातला होता. तू म्हणालीस, देव दोघांना शांती देवो. मग म्हणालीस, बरं झालं, पाठोपाठ गेली, एकट्याने राहण्यापेक्षा." मी तोंडावर हात ठेवला. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. "काका..." "थांब, बोलू दे. मला राग नाही आला. मला वाटलं, बरोबर बोलली. खरंच बरं झालं असतं. म्हणून कडी काढली नाही. नंतर बाहेर कुणाचा आवाज आला तरी गप्प बसायचो. तुम्ही सगळ्यांनी ठरवलंच होतं, मीही हो म्हटलं." "मग आज?" मी विचारलं. त्यांनी खिडकीतल्या दोघांकडे बघितलं. "आज कपडे घालून बसलो होतो, पण कडी काढायची की नाही ते ठरत नव्हतं. मग त्या पोरीचा आवाज आला समोरून. गिनाला सांगत होती, आजी, घाई नाही, तुम्ही विचार करा, मी तोंड फिरवून उभी राहते. एक्याण्णव वर्षांच्या म्हातारीला म्हणते, विचार करा. मला एकदम वाटलं, मलाही कोणीतरी असं म्हणावं." मी त्यांचा हात धरला. तो गार होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत राहिले, झिवको "उचला" म्हणेपर्यंत.

क्रुमच्या टॅक्सीने शाळा दोन मिनिटांची. मतदान पहिलीच्या वर्गात होतं, भिंतीवर पोरांनी काढलेली भोपळ्यांची चित्रं. रांगेतल्या लोकांनी खुर्ची बघून बाजू दिली, काकांनी मात्र हट्टाने खाली उतरून काठी टेकली. टेबलावरच्या बाईने ओळखपत्र बघितलं, यादीवर बोट फिरवलं, आणि चटकन म्हणाली, "हे बघा, आहात. सही करा." एवढंच? मी वाकून बघितलं. छापलेलं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सातवा मजला. कुठे खोडलेलं नाही, कुठे काही नाही. ज्या सरकारला आम्ही सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतो, ज्याला आमची काही पडलेली नाही असं मी स्वतः हजार वेळा बोललेय, त्या सरकारच्या यादीत हा माणूस जिवंत होता. मेला होता तो फक्त आमच्या जिन्यात, त्याच्यावर माया करणाऱ्या माणसांत. यादीला माया नसते म्हणून ती चुकली नसेल; पण त्या यादीने कधी सात मजले चढून घंटा वाजवली नसती. ते काम माझं होतं. काकांनी सही केली आणि पेन तसंच धरून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे माझी बायको असायची." बाईने वर बघितलं. मागे रांग होती, तरी तिने घाई केली नाही. "आता कोण आहे, आजोबा?" "कोणी एक दिमितर." "चांगला माणूस असेल," बाई म्हणाली. "असेल," काका म्हणाले आणि मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेले.

ते खूप वेळ आत होते. पडद्याखालून त्यांचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, आणि काठीचं टोक. कोणीतरी घसा खाकरला, झिवकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. चिठ्ठी पेटीत टाकली, पडल्याचा आवाज कान देऊन ऐकला. मग मीही टेबलापाशी गेले आणि ओळखपत्र काढलं. क्रुम म्हणाला, "मावशी, तुम्ही अजून दिलं नव्हतंत? आम्हाला तर सकाळी सातला हाकललंत!" मी म्हटलं, "गप्प बस." पडद्याआड उभी राहिले तेव्हा कोणाला द्यायचं ते मला खरंच ठरवता येईना, पण विचार केला. घाई केली नाही.

अंगणात आल्यावर क्रुमला राहवलं नाही. "काका, शेवटी कुणाला दिलंत? तुमच्याला की काकूच्याला?" झिवकोने त्याला ढोसलं, पण तोही ऐकायला पुढे वाकला. काका म्हणाले, "पडदा कशाला लावतात?" आणि खुर्चीत बसले. वर नेणं उतरवण्याच्या दुप्पट. प्रत्येक मजल्यावर विश्रांती, प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं आणि कोणी ना कोणी बाहेर येऊन काकांच्या गालाला हात लावून बघायचं, आणि एक बरणी खुर्चीत ठेवायचं, भाजलेल्या मिरच्यांची, चटणीची. सहाव्यावर पोचेपर्यंत झिवको ओरडत होता, "अरे, म्हाताऱ्याचं वजन वाढवू नका!" क्रुमला तर बोलायलाही दम नव्हता. आत नेऊन ठेवल्यावर दोघं तिथेच जमिनीवर बसले. काकांनी त्यांना राकिया दिली, द्राक्षांची कडक दारू, छोट्या पेल्यांत, आणि दोन्काकाकूचा एक पेला भरून टेबलावर ठेवला, त्याला कोणी हात लावला नाही. मग ते दोघं खाली गेले, थर्माकोलबद्दल मोठमोठ्याने वाद घालत.

मी बरण्या ओट्यावर लावल्या. "उद्या काय आणू?" मी विचारलं. "सूप आणते. आणि दिवा बदलते बाहेरचा. आणि भाचीला सांगा गुरुवारी..." "काही आणू नकोस," काका म्हणाले. टाय सोडत होते. "दिवसातून एकदा घंटा वाजव आणि विचार, आहात का. मी आहे म्हणेन. मग जा आपल्या कामाला. एवढं पुरे."

मी बरं म्हटलं. बाहेर येऊन दार ओढलं. चार पायऱ्या उतरले आणि थांबले. परत चढले आणि घंटेवर बोट ठेवलं.

आत खुर्ची सरकली. मग चपलांचा घासत घासत येणारा आवाज, आणि कडीवर हात.

"कोण आहे?"

"वेलिच्का. आहात का?"

"आहे!" काका आतून खेकसले. "आत्ताच तर आणून ठेवलंत ना बाई!"

"माहितीये," मी म्हटलं. "तरी विचारलं."

त्यांनी कडी काढली.